दुधातून घ्यावे

माझी झोप गेली आहे ही बातमी मी कोणालाही सांगितली नव्हती, तरी आठवड्याभरात ती आमच्या कॉलनीभर झाली. शेजारच्या कोकिळावहिनी पहाटे चारला उठतात आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्या बैठकीतला दिवा दिसतो. सलग चार दिवस दिवा दिसला, पाचव्या दिवशी त्या फाटकाशी हजर. हातात एक जायफळ.

"भाऊजी, हे सहाणेवर सात वेढे उगाळा अन् झोपताना दुधातून घ्या. आमच्या सासूबाईंले त्याच्यानंच झोप लागते."

मी जायफळ घेतलं, आभार मानले, दार लावलं. झोप का येत नाही हे त्यांनी विचारलं नाही. आपल्या लोकांचं हे असंच आहे. कारण विचारायला संकोच वाटतो, उपाय सांगायला कोणालाच वाटत नाही. शिवाय कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं. बायको जाऊन महिनाही झाला नव्हता, माणसाला झोप कशी येणार?

मी चंद्रशेखर. महसूल खात्यात चौतीस वर्षं काढली. बरीच वर्षं अव्वल कारकून होतो, शेवटची तीन वर्षं नायब तहसीलदार, आणि मग पुसदलाच घर बांधून राहिलो. त्या चौतीस वर्षांत निवडणुका आल्या, मोर्चे आले, साहेब लोकांच्या लहरी आल्या, पण माझी झोप कधी हलली नाही. पद्मजा पाहुण्यांना सांगायची, "ह्यांच्या उशाशी ताशा वाजवा, फार तर कूस बदलतील." मला त्याचा अभिमान होता. गाढ झोप म्हणजे स्वच्छ मनाची पावती, असं मी चारचौघांत छाती काढून म्हणायचो. तसं म्हणणारा कोणी आता भेटला तर मी रस्ता बदलेन.

उपाय येत गेले तसे मी ते एका वहीत लिहायला लागलो. जुनी खोड. अनुक्रमांक, उपाय, सांगणाऱ्याचं नाव, अभिप्राय, असे चार रकाने आखले. दक्षिणेकडे डोकं करून झोपणे: फरक नाही. रात्री दह्यात कच्चा कांदा: फरक नाही, ढेकर आले. पुण्याहून साकेतने, म्हणजे माझ्या मुलाने, मोबाईलमध्ये पावसाचा आवाज टाकून दिला. तो ऐकून मला तीनदा लघवीला जावं लागलं. बसस्टँडच्या अलीकडे एका गाळ्यात काशाच्या वाटीचं मशीन आलं होतं. पाय त्यात ठेवायचे, वाटी गरगर फिरते, तळव्याला तूप चोळते. अर्ध्या तासाने तळवे काळे झाले. मशीनवाली मुलगी आनंदाने म्हणाली, "पाहा काका, किती उष्णता निघाली!" माझ्या आईने आयुष्यभर काशाच्या वाटीने पाय चोळले, ते काळं काशाचं असतं हे मला ठाऊक होतं. पण मुलीचा चेहरा पाहून गप्प बसलो. त्या रात्रीही जागाच.

यवतमाळला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी चहा बंद केला, संध्याकाळी चालायला सांगितलं आणि गोळी लिहून दिली. मी म्हणालो, गोळी नको. ते म्हणाले, सौम्य आहे, सवय लागणार नाही, हवी तर कुटून दुधातून घ्या.

मी खुर्चीतून उठलोच. साकेत सोबत होता, त्याला फार ओशाळं झालं.

दूध. आपल्याकडे झोपेचा प्रत्येक उपाय शेवटी दुधापाशी येतो. जायफळ दुधातून, खसखस दुधातून, अश्वगंधा दुधातून, काही नसेल तर नुसतं म्हशीचं दूध. माझ्या वहीत निम्म्याहून अधिक ओळींच्या शेवटी 'दुधातून घ्यावे' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, आणि त्यांच्यापुढचा अभिप्रायाचा रकाना कोरा आहे. अकरा महिने झाले, दूध माझ्या घशाखाली उतरत नाही. ते का, हे सांगायलाच बसलो आहे.

पद्मजाची फुप्फुसं दोन वर्षांपासून आखडत चालली होती. शेवटच्या थंडीत तिला आडवं पडता येईना. चार उश्या लावून बसतं ठेवायचं. झोपेत ती खाली घसरली की श्वास अडकायचा, मग कोणीतरी उचलून पुन्हा टेकवायचं. रात्री दहाबारा वेळा तरी. माझ्या झोपेचं माहात्म्य सर्वांना ठाऊक असल्यामुळे रात्रीसाठी बाई लावली. हंसाबाई. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरून मुलगा शाम तिला आठ वाजता सोडायचा आणि सकाळी न्यायचा. साठीची बाई, हाडं बळकट, बोलणं मोजकं. पद्मजाच्या हाताशी आम्ही देवघरातली लहान घंटी ठेवली होती. पण हंसाबाई असताना ती वाजवायची वेळच आली नाही. घसरायच्या आधीच ती उठून उभी असायची. पद्मजा म्हणायची, "माझ्या सख्ख्या आईनं असं केलं नसतं हो."

रोज रात्री नऊ वाजता पद्मजासाठी दूध करणं हे माझं काम. डॉक्टरांनी तिला झोपेची गोळी दिली होती. गिळता यायची नाही म्हणून खलात कुटून दुधात घालायची. जानेवारीतल्या त्या दिवशी ती आदल्या दोन रात्री टक्क जागी होती, रडकुंडीला आली होती. म्हणून मी दोन गोळ्या कुटल्या. कोणालाही विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती मला, सही माझी असायची.

पद्मजाने दोन घोट घेतले आणि पेला दूर सारला. "कडू लागतंय. नको." मी आग्रह केला. तिने मान फिरवली.

आता पेलाभर दुधाचं काय करायचं? आमच्या घरात दूध ओतून देत नाहीत. माझी आई तर नासलेल्या दुधाचाही कलाकंद करायची. मला रात्री दुधाने कफ होतो. खिडकीच्या फळीवर हंसाबाईचा स्टीलचा पेला पालथा घातलेला असायचा, वेगळा. ते दूध मी त्यात ओतलं. कडू लागायला नको म्हणून दोन चमचे साखर घातली. म्हणजे कडू का लागतंय हे माझ्या हाताला कळत होतं, पण डोक्यात ते आलंच नाही. हे मी शपथेवर सांगतो. त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की दूध वाया गेलं नाही. पद्मजाचं उष्टं होतं ते, याचंही काही वाटलं नाही. उरलेलं बाईला द्यायचं असतं, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालतं.

"घ्या हंसाबाई, थंडी आहे."

तिने दोन्ही हातांनी पेला घेतला आणि दूध पिऊन टाकलं.

पाच वाजता मला जाग आली. पद्मजा उश्यांवरून घसरून एका अंगावर पडली होती, थंड. घंटी तिच्या मुठीत होती. खाली सतरंजीवर हंसाबाई घोरत होती. मी तिला हलवलं, ओरडलो, तोंडावर पाणी मारलं. ती उठून बसली तरी तिची जीभ जड होती, डोळे लागत होते. ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वाजता शाम आला तेव्हा पडवीत कॉलनीतली दहापंधरा माणसं जमली होती. सगळ्यांच्या देखत मी त्याला म्हणालो, "घेऊन जा तुझ्या आईला. माझी बायको तडफडून मेली आणि ही इथे झोपून होती."

हंसाबाई भिंतीला धरून उभी होती. तिने एक शब्द काढला नाही. काय काढणार? ती झोपली होतीच.

डॉक्टर म्हणाले, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. असेल. पण ती एकटी गेली. घरात दोन माणसं असून एकटी गेली, मुठीत घंटी धरून. आणि दुसरा झोपलेला माणूस मी होतो, हे मात्र कोणी म्हणालं नाही. माझं झोपणं धरूनच तर बाई लावली होती.

दहाव्या दिवशी औषधांचा डबा रिकामा करायला घेतला. गोळ्यांचं पाकीट हातात आलं, शेवटची दोन घरं फुटलेली. तेवढ्यात सगळं डोळ्यांपुढे आलं. खल, पेला, साखर, तिचे दोन्ही हात. भटजी अंगणात थांबले होते, साकेत हाका मारत होता. मी पाकीट कचऱ्यात टाकलं आणि बाहेर जाऊन सगळे विधी नीट पार पाडले. झोप गेली ती त्या रात्रीपासून.

तेव्हाच का सांगितलं नाही? मीही स्वतःला हे रोज विचारतो. लाज वाटली, हे एक. दुसरं म्हणजे फिरवलेल्या जबाबाचं काय होतं, हे मी कचेरीत इतक्या वेळा पाहिलं होतं, की माझा एकदा दिलेला जबाब फिरवायला जीभ उचलेना. मग आठवडे गेले, महिने गेले. कोकिळावहिनींच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांना रात्रीची बाई हवी होती. मी फाटकाशी उभा असताना त्या कोणाला तरी फोनवर सांगत होत्या, "ते हंसाबाई नको हो. झोपते ते. भाऊजींकडे पाह्यलं ना आपण." मी तसाच घरात आलो आणि वहीत दोन नवे उपाय लिहिले.

त्या वहीचं गावात नाव झालं. मला झोप येत नसली तरी झोपेचे उपाय माझ्याकडे सगळे मिळतात, असं लोक हसून म्हणायला लागले. कोणी ना कोणी विचारायला यायचं. आणि म्हणूनच डिसेंबरातल्या एका दुपारी दोन वाजता शाम चालवतो ती शाळेची व्हॅन माझ्या फाटकाशी थांबली आणि तिच्यातून हंसाबाई उतरली.

अकरा महिन्यांत ती अर्धी झाली होती. शाम फाटकातूनच म्हणाला, "साहेब, तुमचा राग असंन तं ठीक हाये. पन याडीले पाहा, माह्या मायले. साल व्हत आलं, झोपून नाही राह्यली ते. तुमच्याजवळ उपाय राह्यते म्हनतात. मी लेकरं सोडून येतो." आणि तो शाळेकडे गेला.

मी खुर्ची दिली. ती जमिनीवरच बसली, दाराजवळ, पद्मजाच्या खोलीकडे पाठ करून.

"कधीपासून झोप नाही?" मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं.

"त्याच रातीपासून साहेब. डोया लागत नाही. अन् लागला तं मीच उठून बसतो. वाट्टे, मी झोपली का कोनीतरी जाते."

"तांड्यावर काही केलं का?"

"सारं केलं. देवीले नवस बोलली. धावजी काका हाये आमचा, म्हातारा, त्यानं मुळी उगाळून देली. पन तोच म्हनला, हंसा, आपन लदेनीचे लोक. बैलायवर मीठ-धान्य लादून मुलुख फिरनारे. रातभर पहारा देल्ला आपल्या बापजाद्यायनं. पहाऱ्यावर झोपनाऱ्याले आपल्यात कोनी पोरगी देत नव्हतं." ती थांबली. "खोटं नाही म्हनला तो. शामले पोरगं झालं श्रावनात. राखी, सून माही, लेकरू माह्याजवळ ठेवत नाही. मांडीवर देते, दिवसा, ते बी ते समोर बसून. शेतात जाते तं पाठीले बांधून नेते. तोंडानं काही म्हनत नाही बापा ते. पन मले समजते ना, काहून नेते ते."

मी वही उघडली. देवाशपथ, मी वही उघडली. चष्मा लावून वाचू लागलो. पिंपळमूळ पावडर, गुळाबरोबर, जेवणानंतर. तळव्यांना तूप. संध्याकाळनंतर चहा नाही. ती प्रत्येकाला मान डोलावत होती. माझा आवाज कचेरीत अर्जदाराशी बोलताना यायचा तसाच येत होता, कोरडा आणि स्वच्छ. माझा मलाच संताप आला, पण मी वाचतच राहिलो.

"साहेब," ती मध्येच म्हणाली, "तुमी लय चांगले. एवढं झालं तरी दारात उभं केलं. त्या रातीले बी तुमी मले दूध देल्लं होतं, साखर टाकून. मी धा घरी काम केलं, साखर टाकून दूध कोनी नाही देल्लं मले. अन् मी मेली तेच रातीले झोपली." तिने पदर तोंडाला लावला. "एकच सांगा. बाईनं घंटी वाजोली व्हती का?"

वही मिटली.

"वाजवली असेल," मी म्हणालो. "मला माहीत नाही. मीही झोपलो होतो. आणि हंसाबाई, तुम्ही झोपला नाहीत. तुम्हाला मी झोपवलं."

मग मी सगळं सांगितलं. दोन गोळ्या, खल, पेला, साखर. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. माझं बोलणं संपल्यावर तिने तोंडावरचा पदर खाली घेतला.

"बाईचं औषध होतं ते?"

"हो."

"मले सांगाचं ना साहेब. पिऊ नोको म्हनाचं."

"लक्षात नव्हतं तेव्हा. खरंच नव्हतं."

"अन् मंग? मंग कवा आलं ध्यानात?"

मी खोटं बोलू शकलो असतो. काल, परवा, काहीही.

"दहाव्या दिवशी."

ती हसली नाही, रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि तेवढं बरं वाटणंही मला मिळू नये असंच तिने ठरवलं असावं. ती उठली, पदर खोचला आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली. मी मागे गेलो तर पाठमोरीच म्हणाली, "शाम येते आता. त्याले तुमी सांगा. म्या सांगतलं तं म्हनन, म्हातारी आपली चूक दुसऱ्यावर ढकलून राह्यली."

"सांगतो," मी म्हणालो.

शाम आला. व्हॅनमध्ये अजून चार मुलं होती, खिडकीतून माझ्याकडे टकामका पाहत होती. मी फाटकापर्यंत गेलो. दांडा धरला.

"बोला साहेब. देल्लं का काही?"

हंसाबाई माझ्याकडे पाहत होती.

"पिंपळमूळ सांगितलंय," मी म्हणालो. "गुळाबरोबर."

ती व्हॅनमध्ये चढली. मी किती नीच माणूस आहे हे त्या वेळी मला जेवढं कळलं तेवढं अकरा महिन्यांत कळलं नव्हतं.

ती सल घेऊन मला घरात बसवेना. शामला सांगणं नाही जमलं, निदान कॉलनीत तरी सांगावं म्हणून दिवेलागणीला मी कोकिळावहिनींकडे गेलो. त्या सासूबाईंना भरवत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, अगदी गोळ्यांच्या पाकिटासकट. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे दया दाटून आलेल्या डोळ्यांनी पाहिलं, ते मला आजही सहन होत नाही.

"भाऊजी, साल झालं तुम्ही झोपले नाही. माणसाचं डोकं असंच चालते मंग. कुठंचं कुठं जोडते."

"वहिनी, मी स्वतःच्या हाताने कुटल्या गोळ्या."

"असंन. पण कायले उकरून काढता आता? पद्मजाताई परत येणार हायेत का? अन् त्या बाईची अन् तुमची काय बरोबरी? तिले मिळंन दुसरं काम. तुम्ही बसा, मी हळदीचं..." त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. मी निघून आलो.

रात्री नऊच्या आत साकेतचा फोन. वहिनींनी त्याला कळवलं होतंच. "बाबा, प्लीज, हे आता कोणाला सांगत फिरू नका. झोप झाली नाही की मेंदू आठवणी तयार करतो, मी वाचलंय. हे सगळं गिल्ट आहे. मी परवा येतोय, डॉक्टरांची वेळ घेतो."

"साकेत, तुझ्या आईचा जीव..."

"बाबा!" तो ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "झोपा तुम्ही."

मी फोन ठेवला. आई एकटी गेली, हे त्याने कसंबसं गिळलं होतं. बाप खोटारडा आहे, हे त्याला गिळायचं नव्हतं. माझ्यासाठी सगळे खोटं बोलायला तयार होते. चौतीस वर्षांत कमावलेली पत ती हीच.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला शामचा फोन आला. म्हटलं, हंसाबाईने सांगितलं असणार. आता हा शिव्या देणार, आणि द्याव्यात.

"साहेब, काय औषध देल्लं हो तुमी याडीले?" त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "काल घरी आली, भाकर खाल्ली अन् पडली. ते आता बारा वाजले तरी झोपूनच हाये! राखीनं दोनदा जाऊन पाह्यलं, म्हनलं म्हातारी हाये का गेली. तं मस्त घोरून राह्यली. साल झालं, पहिल्यांदा. उठवू का नको?"

"नको," मी म्हणालो. "झोपू दे."

"आमच्या इथं अजून दोघं-तिघं हायेत झोप न येनारे. त्या औषधाचं नाव सांगा ना. ते पिंपळमूळच का? याडी तं काहीच बोलली नाही."

काहीच बोलली नाही. तिने घरी जाऊन एका शब्दाने सांगितलं नव्हतं. माझ्यावर दया म्हणून नव्हे. ते काम तिने मला दिलं होतं आणि ते माझ्याकडेच ठेवून ती झोपी गेली होती.

"शाम, गाडी चालवतोयस का?"

"नाही साहेब, घरीच हाये."

"मग ऐक. मध्ये बोलू नकोस."

मी सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होतो, पण या वेळी शब्द सापडत नव्हते. गोळ्या आधी सांगितल्या, मग पेला, मग पुन्हा गोळ्या. पडवीत सगळ्यांसमोर मी त्याला काय म्हणालो होतो तेही सांगितलं, जसं काही तो विसरला असेल. दहावा दिवस सांगितला. तुझी आई पहाऱ्यावर झोपली नाही, हे मी धावजीला तांड्यावर येऊन सांगायला तयार आहे, असंही म्हणालो. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता, कुठेतरी ते तान्हं रडत होतं. मला वहिनी आठवल्या, साकेत आठवला. हाही आता समजुतीने म्हणणार, साहेब, तुमची झोप झाली नाही.

"शाम," मी म्हणालो, "तुला खरं वाटतंय ना हे?"

"तुमी म्हनता तं खरंच असंन, साहेब," शाम म्हणाला. "तवा बी तुमी म्हनलं म्हनूनच खरं वाटलं होतं."